लाईन ठीक होती, ओम्या

ओम्या, परवा तुझा तेरावा झाला. पाहुणे गेले, मंडपवाल्यानं खुर्च्या नेल्या, आणि आज सकाळी आई मला म्हणाली, "त्या खोलीतला तो डबा बंद कर रं. दिवे लुकलुक करायलेत. मला बघवत न्हाई." म्हणून राउटर बंद करायला मी तुझ्या खोलीत आलो आणि तुझ्याच गादीवर बसून राहिलो. सगळे दिवे हिरवे होते. लाईन झकास चालू होती. या लाईनीवरून आपण दोघा भावांनी जेवढं तोंड वाजवलं, तेवढं आबांनी आणि चुलत्यांनी बांधावरून पण वाजवलं नसेल.

लोक तुझ्याबद्दल काय काय बोलून गेले. सोन्यासारखं पोरगं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मुकाट्यानं मान हलवत होतो. खरं सांगायचं तर तू माझ्या अध्यातही होतास आणि मध्यातही. जेवायला बसलो की तुझं सुरू व्हायचं, "दादा, तुझी लाईन अडकायली." घास तोंडात असायचा माझ्या. सोन्यासारखं पोरगं म्हणे. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत तुझ्याएवढं खवीस गिऱ्हाईक एक नव्हतं, आणि तूच एकटा फुकट वापरत होतास.

धारूरच्या बाजारातून आजूबाजूच्या वस्त्यांवर खांबाखांबानं फायबर ओढायची आणि घरोघर इंटरनेट द्यायचं, हा माझा धंदा. डोंगराकडनं वानरं उतरतात आणि वायरीला लोंबकळतात. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या वरपर्यंत भरून निघतात आणि रस्त्यावरची केबल सोबत ओढून नेतात. त्याचं मला काही वाटत नाही. तुटली तर तुटली, शिडी लावायची आणि जोडायची. पण तार धड असताना कुणी म्हटलं की नेट स्लो आहे, तर माझं डोकं फिरतं. हे तुला चांगलं माहीत होतं. म्हणून तर तू रोज तेच म्हणायचास, असं मला वाटायचं.

फायबर यायच्या आधीचे तुझे दिवस आठवतात. घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून तू फोन घेऊन बसायचास, कारण तेवढ्याच जागी घाटाकडनं रेंज यायची. ऑनलाइन क्रिकेटचा तो गेम. समोरचा बॉलर धावत येणार, चेंडू टप्पा घेणार, आणि तू बरोबर वेळेला अंगठा दाबायचा. दाबला की वर अक्षरं उमटायची, अर्ली, लेट, नाहीतर परफेक्ट. त्या रडक्या रेंजवर तुझ्या अंगठ्याची वर्दी तिकडं पोचेपर्यंत चेंडू कीपरच्या हातात असायचा. दुसरी पोरं शिव्या देऊन गेम बंद करायची. तू मात्र त्यावर स्वतःचा इलाज काढलास. बॉलरचा हात वर जायला लागला की तू आधीच दाबून मोकळा व्हायचास. मी विचारलं होतं, "चेंडू दिसायच्या आधी कावून मारतो बे?" तू माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघितलंस. "दादा, चेंडू बघून मारायचा नसतो. नेट किती मागं हाय ते बघून मारायचा."

पुढं तू मला शिकवणीच लावलीस. नेट रोज सारखंच मागं असलं तर हाताला सवय लागते, म्हणायचास. पण घडीत मागं, घडीत पुढं असं झालं की खेळणारा मेला. पापणी लवायच्या आत सगळा कारभार. तेवढ्यात सिक्स आणि तेवढ्यातच दांडी गुल. मी धंद्यातला माणूस, पण पिंग म्हणजे काय, दाबलेलं तिकडं पोचून परत यायला किती वेळ लागतो, हे मला खऱ्या अर्थानं तुझ्या अंगठ्याकडं बघून कळलं. कंपनीच्या ट्रेनिंगला कोट घालून आलेल्या साहेबानं सांगितलं होतं, ते सगळं वाऱ्यावर गेलं होतं.

मग मी घरात फायबर आणली. काय ऐट होती माझी. आईनं राउटरला हळदीकुंकू लावलं. तू कॉट ओढून बरोबर त्याच्या खाली बसलास आणि पहिल्याच मॅचला भोपळा. अर्ली. पुन्हा अर्ली. पुन्हा अर्ली. संध्याकाळी तू दुकानावर आलास ते तणतणत. "तुझी लाईन लई फास्ट हाय. माझा सगळा टायमिंग बिघडवला." लाईन फास्ट आहे म्हणून तक्रार करणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला. अख्ख्या बाजारात मी ते सांगत सुटलो. चहावाला बरेच दिवस तू दिसलास की ओरडायचा, "ओंकारशेठ, जरा सावकाश नेट द्या म्हणावं भावाला!" तू चिडायचास, आणि चिडलेला तू मला लई आवडायचास.

खराब रेंजची सवय सुटायला तुझ्या अंगठ्याला वेळ लागला. पण सुटली, आणि मग तू काही कुणाच्या हाताला लागलाच नाहीस. परफेक्ट, परफेक्ट, परफेक्ट. त्याच काळात जिंतूरचा तो फैजान तुला भेटला. भेटला म्हणजे फोनवरच. दोघांनी मिळून जोडीनं खेळायचं, एक तिकडं आणि एक इकडं. तुम्ही एकमेकांना कधी समोरासमोर पाहिलं नव्हतं, पण तुझ्या तोंडी त्याचं नाव माझ्यापेक्षा जास्त असायचं. जोडीला वरच्या गटात जायचं होतं. ज्यांची नावं ऐकून तुझ्यासारखी पोरं कान पकडतात, ते सगळे त्या गटात होते. तिथं गेलो की आपल्याला धारूरचा ओंकार म्हणून ओळखतील, असं तू एकदा शिडी धरून उभा असताना बोललास. मी खांबावर होतो. वरूनच म्हटलं, "आधी शिडी धर नीट." दुसरं काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. तेव्हा ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

तुझा हात काय होता ओम्या! केसाएवढी बारीक तार, तिची दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची, माझं चष्म्याशिवाय भागत नाही. तू बोलत बोलत ठेवून द्यायचास. हनुमान वस्तीवरचे सगळे जॉइंट तुझ्या हातचे आहेत. अजून एकही गेलेला नाही.

मागच्या हंगामात, ट्रॉल्या सुरू झाल्यावर, तू पुन्हा म्हणायला लागलास की लेट येतंय. पहिल्यांदा मला ते खरंच वाटलं, कारण त्याच आठवड्यात घाटाच्या तोंडाशी केबल ओढली गेली होती. मी जोडून आलो. तरी लेट. मी घराजवळचा जॉइंट नवा केला. तरी लेट. तू म्हणालास, शेजाऱ्यांचं नेट आपल्याच तारेवर आहे, ते पिक्चर बघतात म्हणून मला मार बसतो. मी चिडून खांबावरच्या पेटीपासून थेट तुझ्या कॉटपर्यंत वेगळी तार ओढली, तुझ्या एकट्यासाठी. तहसीलदाराच्या घरीसुद्धा मी तसं केलेलं नाही. फोनच्या कोपऱ्यात पिंग हिरवीगार दाखवत होती आणि वर अक्षरं येत होती, लेट.

तुला वाटलं, जुनंच दुखणं परत आलं. मलाही तेच वाटलं, फक्त उलट्या बाजूनं. मागं एकदा तू लाईनीला दोष दिला होतास आणि निघाली होती तुझ्या हाताची सवय. मी म्हटलं, आताही तसंच असणार. आपल्याकडं नेट इतकी वर्षं वाईट होतं, की कुठलीही गोष्ट उशिरा झाली की माणूस आधी टॉवरकडं बघतो. स्वतःकडं कोण बघतं?

तो दुपारचा तमाशा मी विसरू शकत नाही. आई शेंगा फोडत बसली होती. तू म्हणालास, "दादा, कसम सांगतो, मी वेळेवर दाबायलो. लाईनच मागं हाय." मी तुझ्या हातातून फोन हिसकावला. मला धड बॅट कशी धरायची हे माहीत नव्हतं. बॉलर आला, मी अंगठा दाबला, आणि वर आलं परफेक्ट. चेंडू गर्दीत. मी असा नाचलो त्या खोलीत! "बघ! लाईन ठीक हाय. तुझा हातच ढिला झालाय." आई पण हसली. तू म्हणालास, "फ्लूक हाय तुझा." पण आवाजात जोर नव्हता. फोन परत घेताना तू डाव्या हातानं घेतलास.

त्यानंतर तू डाव्या अंगठ्यानं खेळायला शिकायला लागलास. मी ते बघितलं. शर्टाची बटणं तू आईकडून लावून घ्यायला लागलास, ती कौतुकानं लावून द्यायची. उजव्या पायातली चप्पल चालता चालता मागंच राहायची, तू चार पावलं पुढं जाऊन परत यायचास आणि मी म्हणायचो, "साहेबांना आता चप्पल सांभाळायला माणूस ठेवावा लागतोय." आबा म्हणायचे, मोबाईलनं हात गेला पोराचा, फेकून द्या तो. प्रत्येकाकडं कारण होतं, आणि प्रत्येकाला ते पटलेलं होतं. गेममध्ये लेट येतंय म्हणून कुणी डॉक्टरकडं जातं का? मला अजून सांग कुणी जातं का.

फैजान तिकडं कुरकुरायला लागला होता. तुम्ही हरत होतात. तू त्याला सांगत होतास की भाई, नेटचा प्रॉब्लेम आहे, दादा दुरुस्त करायलाय. हे मला भिंतीपलीकडनं ऐकू यायचं आणि माझा नुसता संताप व्हायचा. माझ्या लाईनीची बदनामी थेट जिंतूरपर्यंत! मी आत येऊन तुला झापलं होतं. तेव्हा तू सरळ सांगितलंस, "मग काय सांगू त्याला? हात गेला म्हणून सांगितलं तर तो दुसरा गडी बघंल." म्हणजे तुलाही कळलं होतं. माझ्या आधी कळलं होतं. तुला लाईन खराब असायला पाहिजे होती, कारण लाईन मी नीट करू शकलो असतो.

पुढचं तुला सांगण्यात अर्थ नाही, ते तुझ्याच अंगावरून गेलं. दुकानात तुला फीटचा झटका आला, चहावाल्यानं आणि मी तुला जीपमध्ये घातलं, अंबाजोगाई, तिथून संभाजीनगर. डोक्याचा फोटो काढला. मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी विचारलं, उजवा हात पहिल्यांदा कधीपासून मंद झाला? आई आबांकडं बघायला लागली, आबा भिंतीकडं. फक्त मला माहीत होतं. मी सांगितलं, गेममध्ये लेट यायला लागलं तेव्हापासून. त्यांना ते कळेना, म्हणून मी सगळं सांगत बसलो, पिंग, अंगठा, परफेक्ट. मग ते हळूच म्हणाले, म्हणजे घरातल्या कुणालाही दिसायच्या आधी ते त्या गेमनं पकडलं होतं. मी विचारलं, तेव्हाच आणलं असतं तर? ते म्हणाले की ही गाठ वाईट जातीची आहे, थोडे दिवस इकडंतिकडं झाले असते, जास्त काही नाही. लोकांना वाटतं अशा बोलण्यानं धीर येतो. मला नाही आला. ते थोडे दिवस तरी कुठं मिळाले मला?

मग त्यांनी मला समजेल असं सांगायचं म्हणून तारेचं उदाहरण दिलं. मेंदूतून हाताकडं हुकूम जातो, वाटेत तार दाबली गेली की तो उशिरा पोचतो, तुमच्या लाईनीसारखंच. भला माणूस होता, पण त्यानं ते बोलायला नको होतं. तेव्हापासून खांबावर चढलो आणि तार हातात घेतली की मी तसाच खाली उतरतो. तेवढी एक तार मला जोडता आली नाही, आणि बाकीच्या जोडून आता मी काय करणार आहे?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुझं डोकं भादरलं होतं. जीभ जड झाली होती, तरी तू गालात हसलास आणि म्हणालास, "दादा, तू जिंकला. लाईन ठीक होती." इतक्या भांडणांत मी कधी एक शब्द खाली पडू दिला नव्हता आणि त्या दिवशी तेवढा पडू दिला. मी तुझ्या पायावरची चादर नीट करत राहिलो. तू मग म्हणालास, "फैजानला सांगू नको. नेट गेलंय म्हण. बरा झालो की मीच सांगीन." मी हो म्हटलं. आपलं शेवटचं धड बोलणं हे असं, नेटवरच.

आणि ऐक, मला तुझा राग पण येतो. तुला कळलं होतं तर मला का नाही सांगितलंस रं? फैजानपासून लपवलंस ते समजू शकतो, पण माझ्यापासून? मग लगेच आठवतं की तू तर रोज सांगत होतास, जेवताना, दुकानात, शिडीखाली. लेट येतंय, लेट येतंय. दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगणार होतास तू? आणि एवढ्यावरही मला तुझा उपकार वाटतो, की तुझ्यामुळं घरात आवाज होता, कुणीतरी माझ्या कामाला नावं ठेवणारं होतं. आता कुणी काही म्हणत नाही. भेटायला येणारे म्हणतात, सावर, आईबापाकडं बघ. आईबापाकडं बघितलं की आणखीच सावरत नाही. यातून मी काही शिकलो नाही, काही शहाणा झालो नाही. तू गेलास, एवढंच झालं.

राउटर मी बंद केला नाही. उशाला तुझा फोन होता. आई तो रोज चार्ज करते, कशासाठी हे तिला विचारायची माझ्यात हिंमत नाही. मी तो उघडला. पडद्यावर फैजानचे निरोप साठले होते. "कावून बे, कुठं गेलास?" "नेट आलं का?" "मी दुसरा गडी घेतला न्हाई, ये लवकर." मी ठरवलं की आता त्याला खरं सांगून टाकायचं. त्या पोरानं वाट तरी किती बघायची? निरोप लिहायला गेम उघडावा लागतो, तो उघडला, तुझ्या नावापुढं हिरवा ठिपका लागला आणि लिहायच्या आत त्याचं बोलावणं आलं. तो खुशीत होता. "आलास का बे! चल, चल, चल." माझा अंगठा कसा पडला मला माहीत नाही. मॅच सुरू झाली.

फैजान चांगला खेळला. मग तुझी पाळी आली, म्हणजे माझी. बॉलर धावत आला. मला नीट दिसत नव्हतं, डोळ्यांतलं थांबत नव्हतं. मी दाबलं. लेट. पुन्हा दाबलं. लेट. तिसऱ्या चेंडूला दांडी उडाली.

मग फैजाननं विचारलं, "अजून लॅग मारायलंय का बे?"

मी कोपऱ्यात बघितलं. पिंग हिरवी होती. आजूबाजूच्या कुठल्याही गावात नसेल इतकी चांगली. मी लिहिलं, "हो. लाईनच खराब हाय."

"मग तुझ्या दादाला सांग ना," त्यानं लिहिलं. "घरोघर लाईन टाकत फिरतो म्हणायलास, सख्ख्या भावाची नीट करून देता येईना का त्याला?"

सांगतो, असं मी लिहिलं.